धुळ्याचे अठरा रविवार

इसवी सन १९३२ च्या फेब्रुवारी महिन्याची एकविसावी तारीख रविवारची होती. कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा भोगावयास आलेले सत्याग्रही त्या दिवशी धुळ्याच्या तुरुंगात एकत्र बसले आणि त्यांच्यापुढे विनोबा भावे यांनी भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलण्यास प्रारंभ केला. पुढच्या रविवारी दुसरा अध्याय झाला, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. आणि हा क्रम एकही आठवडा न चुकता चालून १९ जून रोजी, अठराव्या रविवारी, अठराव्या अध्यायाने समाप्त झाला. श्रोत्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखे मातब्बर उद्योगपती होते, शाळा-महाविद्यालये सोडून आलेले तरुण होते, गावोगावचे साधे कार्यकर्ते होते. स्त्री सत्याग्रहींनीही अर्ज-विनंत्या करून श्रवणाची परवानगी मिळविली होती. त्याच मंडळीत, अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी १९३० साली सोडून देशकार्यात उतरलेले पांडुरंग सदाशिव साने कागद-लेखणी घेऊन बसत आणि विनोबांच्या तोंडून निघालेले शब्द त्याच वेगाने हाताने उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज महाराष्ट्राला आणि भाषांतरांच्या द्वारे सगळ्या भारताला ज्ञात आहे, तो असा सिद्ध झाला.

या घटनेकडे आपण बहुधा ग्रंथाच्या जन्मकथेच्या दृष्टीने पाहतो. मला तिच्यात त्याहून मोठे काही दिसते. अंतर्मुख होणे, स्वतःच्या मनाचा शोध घेणे, आपण जगतो ते कशासाठी याचा विचार करणे, या गोष्टींचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर एकांत उभा राहतो: गुहा, नदीकाठ, हिमालय, निदान गच्चीवरचा एखादा निवांत कोपरा. माणसे दूर झाली म्हणजे मन जवळ येते, अशी आपली समजूत असते. आणि ज्याला असा एकांत लाभण्याची शक्यता नाही, ज्याच्या दोन खोल्यांत पाच माणसे राहतात आणि ज्याचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे, तो मनुष्य आत्मचिंतन हे आपल्या वाट्याचे नव्हे असे ठरवून मोकळा होतो. धुळ्याच्या तुरुंगात एकांत कोणालाच नव्हता. तिथे होती बराकीतली दाटी, सक्तीचे काम, ठरलेली घंटा आणि दुसऱ्याच्या इच्छेने नेमलेला प्रत्येक तास. तरीही आपल्या प्रांतातील विसाव्या शतकातले सर्वांत फलद्रूप आत्मचिंतन त्या दाटीत झाले, आणि माझ्या मते ते दाटीत झाले म्हणूनच इतके फलद्रूप झाले.

हा विचार मी कांजूरमार्गात राहून लिहीत आहे, हे सांगणे येथे अप्रस्तुत होऊ नये. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधले हे स्थानक. पूर्वेला जुना कांजूर गाव, द्रुतगती मार्ग, त्यापलीकडे मिठागरे, तिवरे आणि ठाण्याची खाडी. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्याच्या पुढे पवई. एका पिढीपूर्वी या स्थानकावर उतरणारी माणसे कारखान्यांच्या पाळ्यांना जात. आता सकाळी उतरणारी गर्दी रिक्षांच्या रांगांतून पवईच्या कचेऱ्यांकडे वाहते. कारखाने एकामागून एक बंद झाले, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, आणि एकाच मजल्यावर दहा वर्षे राहणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांची नावे दाराच्या पाटीवरूनच ठाऊक असतात. या वस्तीत माणसाला सवड नाही असे म्हणतात. सवड नाही हे खरे. परंतु सोबतही नाही, आणि ही दुसरी उणीव पहिलीपेक्षा अधिक जाचक आहे, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

धुळ्यात विनोबांनी काय केले ते नीट पाहिले पाहिजे. तुरुंगातली मंडळी चळवळीच्या आवेशात आत आलेली होती. आवेश ओसरल्यावर तुरुंगातला दिवस फार लांब होतो. घरची आठवण येते, कामाचा कंटाळा येतो, शेजाऱ्याच्या लहानसहान सवयी असह्य होतात, आणि आपण येथे कशासाठी आलो हा प्रश्न, जो बाहेर मिरवणुकीत कधी पडला नव्हता, तो रात्री उशाशी येऊन बसतो. विनोबांनी त्या प्रश्नाला बगल दिली नाही. वाट्याला आलेले दळणाचे काम ते स्वतः निष्ठेने करीत, आणि त्यांना जात्यावर बसलेले पाहून काम टाळणारे तरुणही हळूहळू कामाला लागले. आठवड्याचे सहा दिवस अंगमेहनत आणि सातव्या दिवशी त्या मेहनतीमागच्या मनाचा विचार, अशी ही व्यवस्था होती. प्रवचनाचा विषय गीता होता खरा, पण श्रोत्याच्या चित्तात प्रत्येक रविवारी जो जमाखर्च मांडला जात असे तो गेल्या सहा दिवसांतल्या त्याच्या स्वतःच्या वर्तनाचा होता.

१३ मार्चच्या रविवारी चौथ्या अध्यायाच्या निमित्ताने विनोबांनी मांडलेली उपपत्ती या लेखाच्या विषयाशी अगदी निकट आहे. माणूस हाताने जे करतो ते त्याचे बाह्य कर्म. त्या कर्माच्या जोडीला अंतःकरणात जे चालते, म्हणजे मन निर्मळ करण्याचा, ते त्या कामात ओतण्याचा जो प्रयत्न असतो, त्याला विनोबा विकर्म म्हणतात. निव्वळ बाह्य कर्म हे ओझे होते. निव्वळ आतले चिंतन हवेत विरते. पण दोहोंचा संयोग झाला म्हणजे कर्माचा भार नाहीसा होतो आणि केलेले काम केल्यासारखेच वाटत नाही. आईला मुलाच्या आजारपणात रात्रभर जागावे लागते, तेव्हा ती जागरणाचे तास मोजीत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. शास्त्रकारांनी या शब्दाचे वेगळे अर्थ दिले आहेत आणि विनोबांचा अर्थ त्यांचा स्वतःचा आहे, हे पंडितांना मान्य करावे लागेल. परंतु कारखान्यात, कचेरीत किंवा स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसाला उपयोगी पडणारे इतके स्वच्छ विवेचन मला दुसरीकडे आढळलेले नाही. जीवनाचे प्रयोजन शोधण्यासाठी काम सोडून कुठेतरी जावे लागते ही समजूत ते मुळातून काढून टाकते. प्रयोजन समोरच्या कामातच असते. आपले मन तेथे हजर नसते, एवढेच.

विनोबांची स्वतःची तयारी अर्थातच त्या अठरा रविवारांपुरती नव्हती. १९१६ साली, मुंबईस इंटरच्या परीक्षेला जावयाचे म्हणून निघालेला हा वीस वर्षांचा तरुण वाटेत सुरतेला उतरून काशीला गेला. त्यापूर्वीच त्याने आपली शाळेची प्रशस्तिपत्रे आईच्या देखत चुलीत घातली होती. त्याच वर्षी जूनमध्ये तो गांधीजींच्या कोचरब आश्रमात पोचला. संस्कृत गीता समजत नाही, तू मराठीत का लिहीत नाहीस, अशी इच्छा त्याच्या आईने व्यक्त केली होती. आई १९१८ साली निवर्तली, आणि तिच्या शब्दाला बारा वर्षे उलटून गेल्यावर, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, विनोबांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली. ती ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण झाली आणि तिची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा ते धुळ्यातच कैदेत होते. एका घरगुती वाक्याला इतकी वर्षे मनात ठेवून, त्याचा निचरा होऊ देऊन, मग त्याचे कृतीत रूपांतर करणे याला मी आत्मचिंतन म्हणतो. आजकाल त्या नावाखाली स्वतःच्या मनःस्थितीची जी तासागणिक चौकशी चालते तिच्याशी याचे फारसे नाते नाही.

आता लिहून घेणाऱ्याकडे वळू. वक्त्याइतकाच त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत असत. मुलांची अंथरुणे, मुलांचे दिवे, मुलांची दुखणी ही सारी स्वतःची मानून त्यांनी तेथे वर्षे काढली. १९३० च्या शिक्षेत ते त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते, आणि निरनिराळ्या प्रांतांतले लोक एकमेकांच्या भाषा न जाणता एकाच भिंतीआड दिवस काढीत आहेत हे पाहून त्यांच्या मनात पुढे ‘आंतरभारती’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या कल्पनेचे बीज पडले. धुळ्यातल्या त्या रविवारांनंतर ते नाशिकच्या तुरुंगात गेले आणि तेथे ९ फेब्रुवारी १९३३ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, दिवसाचे सक्तीचे काम सांभाळून, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. या पुस्तकाच्या रचनेकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. श्याम आपल्या आईच्या आठवणी एकटा बसून लिहीत नाही. आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर मित्रमंडळी भोवती बसतात आणि तो एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. बेचाळीस रात्रींचे ते कथन आहे. आपल्या बालपणीच्या चुका, हट्ट, चोरी, भित्रेपणा हे सारे तो चारचौघांत सांगतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला स्वतःची आई आठवते. आत्मचरित्राला इतकी सामुदायिक बैठक देणारे पुस्तक त्यापूर्वी मराठीत झाले होते असे मला वाटत नाही.

तुरुंगात मुरलेले हे चिंतन पुढे कोठे पोचले, याला १९४७ साल साक्ष आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी त्या वर्षाच्या आरंभापासून महाराष्ट्रभर दौरा केला, राष्ट्र सेवा दलाची मुले आपले कलापथक घेऊन त्यांच्याबरोबर हिंडली, आणि अखेर १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी ते सुटले; देवळाचे दार उघडले. मृदू, रडवे, हळवे म्हणून ज्यांची संभावना झाली त्या माणसाने शेकडो वर्षांची रूढी हलविली. हे बळ त्यांना चिंतनातून मिळाले हे खरे आहे. पण ते टिकले, पसरले आणि कामी आले ते भोवतीच्या तरुणांच्या सोबतीमुळे, हेही तितकेच खरे आहे.

याच ठिकाणी एक दुःखाची गोष्ट बोलली पाहिजे. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपले जीवन आपल्या हाताने संपविले. त्यांच्या मनाचा ठाव घेण्याचा अधिकार मला नाही. मात्र स्वतःला सतत कठोरपणे तपासणाऱ्या मनाला ती तपासणी कधी कधी जाळू लागते, हा अनुभव जगात सर्वत्र आहे, आणि म्हणूनच चिंतनाच्या वाटेवर सोबती हवेत, हे मी आग्रहाने लिहीत आहे. आपल्या परिचयातला कोणी स्वतःला दोष देण्यातच दिवस घालवू लागला असेल तर त्याला आणखी चिंतन करावयास सांगू नये. त्याच्यापाशी बसावे, त्याला बोलते करावे आणि आवश्यक वाटल्यास डॉक्टरांकडे घेऊन जावे.

विनोबांच्या चरित्राचा उत्तरार्धही या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली या गावी चाळीस भूमिहीन हरिजन कुटुंबांनी त्यांच्याजवळ ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांपाशी जमीन नव्हती. त्यांनी तो प्रश्न तेथेच जमलेल्या गावकऱ्यांपुढे ठेवला, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. भूदानाची पुढची पदयात्रा तेरा वर्षे चालली. चाळीस लाखांहून अधिक एकर जमिनीची दानपत्रे झाली. त्यांतली बरीच जमीन निकृष्ट निघाली, बरीच प्रत्यक्ष वाटलीच गेली नाही, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. तरीपण पोचमपल्लीच्या त्या सायंकाळी जे घडले ते सभेत घडले. एकट्या विनोबांना ती युक्ती आदल्या रात्री सुचली असती तर ती कल्पनाच राहिली असती. याउलट १९७५ साली, आणीबाणी पुकारली गेली तेव्हा, विनोबा पवनारला होते आणि २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्यांनी लिहून दाखविलेला ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारने आपल्या प्रचारासाठी भिंतीभिंतींवर रंगविला. त्यांना अभिप्रेत होते ते आचार्यांचे अनुशासन, असा खुलासा पुढे झाला, पण व्हावयाची हानी तोवर होऊन गेली होती. ज्या माणसाने तेरा वर्षे गावोगावी लोकांच्या तोंडून प्रश्न ऐकले, त्याच्या जीवनात लोकांचे बोलणे जेव्हा कमीत कमी पोचत होते, नेमक्या त्याच वर्षी त्याचा शब्द लोकांना परका वाटला. मौन थोर आहे, परंतु मौनालाही शेजार लागतो, असे माझे नम्र मत आहे, आणि विनोबांविषयीच्या पूज्यबुद्धीला बाध न आणता ते मांडता येते.

हे सारे आपल्या परंपरेला नवीन नाही. तुकोबांचे चरित्र घ्या. सतराव्या शतकातील त्या भयंकर दुष्काळात पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, आणि देहूचा हा महाजन भामचंद्राच्या व भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागला. येथवरची कथा एकांताची आहे, आणि चित्रकारांनी, नाटककारांनी तीच अधिक रंगविली. परंतु परंपरा पुढे असे सांगते की डोंगरावरून उतरल्यावर तुकोबांनी घरातली सावकारीची खते आणली, धाकट्या भावाला त्याच्या हिश्श्याची वेगळी काढून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. ज्यांच्याकडून येणे होते त्यांच्याशी असलेला ऋणको-धनकोचा संबंध त्या दिवशी तुटला. पुढे तीच माणसे त्यांच्या कीर्तनात टाळ घेऊन उभी राहिली असतील, अशी कल्पना करावयाला हरकत नाही. वडिलोपार्जित पडके देऊळ त्यांनी दुरुस्त केले, म्हणजे बसावयाला जागा केली. चाकणचे संताजी जगनाडे अभंग लिहून घेऊ लागले. शिऊरच्या बहिणाबाई, जातीच्या सगळ्या मर्यादा ओलांडून, त्यांना गुरू मानून देहूस आल्या. धुळ्यातल्या साने गुरुजींच्या लेखणीचा पूर्वज मला संताजींच्या वहीत दिसतो. एकाने मन उघडावे आणि दुसऱ्याने ते जतन करण्यासाठी मान खाली घालून लिहीत राहावे, यातून मंडळ उभे राहते.

इतर मार्गांचाही विचार करून पाहावा. मुंबईच्याच पश्चिम उपनगरात, गोराईला, विपश्यनेचा प्रचंड पगोडा २००९ साली लोकांसाठी खुला झाला. त्याच्या एकाच घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये ही साधना भारतात आणली आणि १९७६ पासून इगतपुरी हे तिचे केंद्र झाले. दहा दिवसांच्या त्या शिबिरात शिबिरार्थी एकमेकांशी बोलत नाहीत, पाहतसुद्धा नाहीत. आत्मचिंतनाचा याहून निर्भेळ एकांत नाही असे वाटावे. पण तेथेही एकाच दालनात शेकडो माणसे शेजारीशेजारी बसलेली असतात, जेवण रांधणारे जुने साधक सेवा म्हणून आलेले असतात, आणि दहाव्या दिवशी मौन सोडताना सर्व प्राणिमात्रांविषयी मंगल मैत्रीची भावना करावयास शिकवितात. त्यानंतर माणसे जी बोलू लागतात त्या बोलण्याची गोडी, शिबिराहून परत आलेल्यांनी मला सांगितली आहे, ती ध्यानाच्या वर्णनाहून अधिक उत्कट असते.

कांजूर गावाजवळच्या एका जुन्या चाळीत दर रविवारी सकाळी भजनाची बैठक भरते. तिचे नाव मी देत नाही, कारण तसल्या बैठका भांडुपपासून घाटकोपरपर्यंत अनेक आहेत आणि कोणत्याही एकीची प्रसिद्धी करावी असा हेतू नाही. पडवीत सतरंजी अंथरलेली असते. मृदंग एक, टाळांचे जोड सात-आठ. जमणारे बहुतेक जण बंद पडलेल्या कारखान्यांतले निवृत्त टर्नर, फिटर, वाहक. आताशा पवईच्या कचेऱ्यांत नोकरी करणारी दोन-तीन तरुण मुलेही येतात, आणि बायकांची संख्या वाढत आहे. हरिपाठ झाला की पोथीतला एक भाग वाचतात, आणि मग अर्धा तास बोलणे. कोणी कोणाला उपदेश करावयाचा नाही, ज्याने त्याने स्वतःविषयीच बोलावे, हा तिथला अलिखित कायदा. एकदा एका तरुणाने, सगळे ज्यांना नाना म्हणतात त्या सत्तरी ओलांडलेल्या टर्नरला विचारले, “नाना, इतकी वर्षं येताय, तुम्हांला यातून मिळतं काय?” नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, “मिळायचं काय, बाळा? आठवडाभर मी कुणाशी कसा वागलो, ते इथं बसलं म्हणजे आठवतं. घरी बसून आठवत नाही. घरी बसलं की दुसरे माझ्याशी कसे वागले तेवढंच आठवतं.”

हे उत्तर ऐकल्यावर मला गीतेवरची पुष्कळशी भाष्ये वाचल्याचे समाधान झाले. एकटेपणी मन वकील होते आणि नेहमी आपल्याच बाजूने दावा चालविते. चार ओळखीच्या माणसांत बसले की त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यावे लागते. त्या बैठकीची एक जुनी नोंदवही आहे. पुढच्या पानांवर वर्गणी आणि खर्च, जसा कोणत्याही मंडळाचा असतो. शेवटची पाने उलट बाजूने लिहिलेली आहेत. त्यांत आजारी असलेल्यांची नावे, कोणत्या रुग्णालयात, कोणता वॉर्ड, आणि सोमवारपासून रविवारपर्यंत भेटीला कोण जाणार त्याची नावे. एका ओळीत लिहिले होते, “डबा: जोशीकाकू, रात्र: नाना.” ही पाने कोणत्याही ठरावाने सुरू झालेली नाहीत. कोणीतरी एका रविवारी, शेजारचा माणूस तीन आठवडे खाटेवर होता आणि मला पत्ताच नव्हता, असे खाली मान घालून सांगितले, आणि पुढच्या रविवारी वही उलट बाजूने उघडली गेली.

आत्मचिंतनातून समाज कसा घडतो याचा याहून लहान आणि याहून पूर्ण दाखला मला देता येणार नाही. आधी एका माणसाला स्वतःतली उणीव दिसली. ती त्याने सोबत्यांपुढे मांडली. सोबत्यांना ती आपलीही आहे असे कळले. आणि तिच्यातून एक काम निघाले. समाजसेवेची भाषणे ऐकून सुरू झालेली कामे मी पाहिली आहेत, ती वर्षा-दोन वर्षांत विझतात, कारण त्यांत दुसऱ्याची उणीव भरून काढण्याची ऐट असते. स्वतःच्या उणिवेतून निघालेले काम बहुधा टिकते.

म्हणून उपनगरांत राहणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक सोसायटीत एक सभागृह किंवा निदान कार्यालयाची खोली असते. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला, गणपतीत आणि एखाद्या वाढदिवसाला ती उघडते, एरवी तिला कुलूप असते. सचिवांकडे अर्ज करून रविवारचा एक तास मागून घ्यावा. पुस्तक कोणतेही चालेल. ‘गीता प्रवचने’ घ्यावी, ज्ञानेश्वरी घ्यावी, ज्यांची श्रद्धा बुद्धांच्या ठायी आहे त्यांनी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घ्यावा, ज्यांना धर्मग्रंथ नको त्यांनी ‘श्यामची आई’ घ्यावी. वाचन वीस मिनिटांहून अधिक नको. उरलेल्या वेळात ज्याने त्याने आपल्याविषयी बोलावे, दुसऱ्याला दुरुस्त करू नये, आणि तेथे ऐकलेले जिन्यात बोलू नये. पहिल्या रविवारी तीनच माणसे आली तरी सुरू करावे. तळमजल्यावरच्या रखवालदाराला आणि वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना बोलावणे पाठविण्यास विसरू नये. एक वही ठेवावी. अठरा रविवारांचा संकल्प पुरे आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी प्रारंभ केला तर होळीच्या सुमारास अठरावा रविवार येतो.